समुद्रावरच्या हवेतले ट्रेस गॅस आणि मास स्पेक्ट्रोमीटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जहाजावर किंवा किनारी केंद्रावर पहिल्यांदाच मोजमापाला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी हे पान आहे. 'तुम्ही समुद्रावर जाऊन नेमकं करता काय?' असं विचारणाऱ्या घरच्या मंडळींनाही ते चालेल. जिथे जमलं तिथे उदाहरणं अरबी समुद्रातली घेतली आहेत, कारण तो आपल्या दारात आहे आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने मुळीच साधा नाही.

ट्रेस गॅस म्हणजे किती थोडा वायू?

कोरड्या हवेतला ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन या तिघांनीच व्यापलेला असतो. आपलं सगळं काम उरलेल्या चिमूटभरात चालतं. त्यातला कार्बन डायऑक्साइड पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती या हिशेबाने मोजतात. आपले बहुतेक पाहुणे पीपीटीमध्ये येतात, म्हणजे एक लाख कोटी रेणूंमागे किती. अर्थसंकल्पाच्या बातम्यांमध्ये 'एक लाख कोटी' हा आकडा कानावर पडतोच. त्यातला एक रुपया शोधून दाखवायचा आहे, असं समजा.

तरीही १ पीपीटी म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. समुद्रसपाटीवरच्या एका घन सेंटिमीटर हवेत १ पीपीटी वायूचे सुमारे अडीच कोटी रेणू असतात. समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यातला एक भागीदार डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे डीएमएस. तो खुल्या समुद्रावर साधारण दहा-वीस ते काहीशे पीपीटी असतो. सल्फ्युरिक आम्लाची वाफ भर दुपारीसुद्धा बहुधा १ पीपीटीच्या खालीच राहते.

मग एवढ्या थोड्या वायूंची पंचाईत कशाला?

कारण ढग. समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या पेशींमधून निघणाऱ्या एका संयुगापासून डीएमएस तयार होतो आणि त्यातला थोडा भाग हवेत येतो. हवेत तो जेमतेम एक-दोन दिवस टिकतो. त्याच्यापासून सल्फर डायऑक्साइड, मग सल्फ्युरिक आम्ल, मग सूक्ष्म कण तयार होतात, आणि त्या कणांवर पाणी जमून ढगांचे थेंब बनतात. जगभरच्या समुद्रांतून वर्षाला सुमारे २.८ कोटी टन गंधक या वाटेने हवेत येतं, असा २०११ मधला बराच वापरला जाणारा अंदाज आहे.

समुद्राच्या पाण्यात डीएमएस असल्याचं जेम्स लवलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवलं. १९८७ मध्ये चार्लसन, लवलॉक, आंद्रेए आणि वॉरन यांनी त्यावर एक मोठं गृहीतक उभं केलं: तापमान वाढलं की प्लवकं जास्त डीएमएस सोडतील, ढग वाढतील, ऊन अडेल आणि समुद्र स्वतःला थंड करील. चौघांच्या आद्याक्षरांवरून ते 'क्लॉ' म्हणून ओळखलं जातं. कल्पना इतकी देखणी की पुढची पंचवीसेक वर्षं लोक तिच्यासाठी समुद्रावर जात राहिले. २०११ मध्ये क्विन आणि बेट्स यांनी पुरावे मांडून सांगितलं की इतकं साधं, घट्ट चक्र दिसत नाही. ढगबीजांमध्ये समुद्री मिठाचा आणि सेंद्रिय पदार्थांचा वाटाही मोठा आहे. माझ्या मते गृहीतक मागे पडलं याची हळहळ करण्याचं कारण नाही. त्याच्या निमित्ताने मोजमापाची जी यंत्रं तयार झाली, ती आज त्याहून चांगल्या प्रश्नांना जुंपलेली आहेत.

मास स्पेक्ट्रोमीटरच का? दुसरी यंत्रं नाहीत का?

आहेत, आणि उत्तम आहेत. आयोडीन मोनॉक्साइडसारखे रेणू सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातून ओळखतात; पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या चमूने हिंदी महासागरावर असं काम बरंच केलं आहे. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचे आयन करून त्यांचं वस्तुमान तोलणारं यंत्र. त्याची खासियत दोन गोष्टींत आहे. एकाच वेळी शेकडो वायू दिसतात आणि सेकंदाला एक किंवा त्याहून जास्त वेळा दिसतात. जहाज ताशी वीसेक किलोमीटरने चाललेलं असताना हवेचा पट्टा कुठे बदलला ते कळायला हा वेग लागतो.

कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यानेच मोजता का?

नाही. त्यासाठी लेसरची यंत्रं असतात.

यंत्राच्या आत नेमकं काय घडतं?

सगळ्यात प्रचलित प्रकारावरून सांगतो: प्रोटॉन ट्रान्सफर रिअ‍ॅक्शन मास स्पेक्ट्रोमीटर, बोलताना पीटीआर. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात वेर्नर लिंडिंगर यांच्या गटाने १९९० च्या दशकात ते विकसित केलं.

आधी पाण्याच्या वाफेत विद्युत विसर्ग करून हायड्रोनियम आयन तयार करतात, म्हणजे पाण्याच्या रेणूला एक जादा प्रोटॉन चिकटलेला. हे आयन एका नळीत सोडतात. तिथला दाब सुमारे २ मिलिबार असतो आणि विद्युतक्षेत्र त्यांना पुढे ढकलत असतं. त्याच नळीत बाहेरची हवा सोडली जाते. पाण्यापेक्षा प्रोटॉनची ओढ जास्त असलेला रेणू भेटला की तो प्रोटॉन हिसकावून घेतो आणि स्वतः आयन होतो. या ओढीला आकडा आहे: पाण्याचा ६९१ किलोज्यूल प्रति मोल, मिथेनॉलचा ७५४, अ‍ॅसिटोनचा ८१२, डीएमएसचा सुमारे ८३१. नायट्रोजन, ऑक्सिजन, आर्गॉन, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे सगळे पाण्याच्या खाली. म्हणून हवेचा प्रचंड मोठा भाग यंत्राला दिसतच नाही. ही पद्धत चालते ती यामुळेच. नाहीतर लाख कोटी नायट्रोजनच्या गर्दीत आपले शंभर रेणू कुठे सापडायचे?

नंतरचं काम तोलण्याचं. जुन्या यंत्रांत चार दांड्यांचा गाळणीसारखा भाग, क्वाड्रुपोल, एकेक वस्तुमान निवडून पुढे सोडतो. नव्या यंत्रांत टाइम-ऑफ-फ्लाइट असतं: सगळ्या आयनांना एकदम सारखाच धक्का द्यायचा, हलके आधी पोहोचतात आणि जड मागून. वेळेवरून वस्तुमान काढायचं. कुठल्या वस्तुमानाचे किती आयन आले याचा आलेख काढला की गर्दीच्या जागी शिखर दिसतं.

पीटीआर आणि सिम्स यांत फरक काय?

सिम्स म्हणजे रासायनिक आयनीकरणाचं मास स्पेक्ट्रोमीटर. खरं पाहता पीटीआर हाही त्याचाच एक प्रकार, पण बोलीत 'सिम्स' म्हटलं की हायड्रोनियमऐवजी दुसरा आयन वापरणारी यंत्रं असं समजतात. आयन बदलला की दिसणारं जग बदलतं. आयोडाइड आयन आम्लांना आणि ऑक्सिजनने लदलेल्या रेणूंना चिकटतो. नायट्रेट आयन सल्फ्युरिक आणि आयोडिक आम्लासाठी अतिशय संवेदनशील आहे. बेन्झीनचा धन आयन डीएमएसला चांगला पकडतो. एकच यंत्र सगळं दाखवील ही अपेक्षा ठेवू नका; मोहिमेचा प्रश्न काय आहे त्यावरून आयन ठरतो.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेस हेड केंद्रावर नायट्रेट सिम्स लावल्यावर ओहोटीच्या वेळी नवे कण कसे जन्मतात ते रेणूरेणूने दिसलं. उघड्या पडलेल्या समुद्रशैवालातून आयोडीन निघतं, त्याचं आयोडिक आम्ल होतं आणि त्या आम्लाचे रेणू एकमेकांना जुळत जातात. हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी बहुतेकांची नजर सल्फ्युरिक आम्लावर खिळलेली होती.

पीटीआरमध्ये ६३ वर शिखर दिसलं. म्हणजे डीएमएस सापडला ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि त्याचं उत्तर 'कदाचित' असं आहे.

डीएमएसचं वस्तुमान ६२, प्रोटॉन मिळून ६३. इथवर ठीक. पण अ‍ॅसिटाल्डिहाइडला प्रोटॉन लागला की ४५ आणि त्याला पाण्याचा एक रेणू चिकटला की तेही ६३. हायड्रोनियमला कार्बन डायऑक्साइड चिकटला तरी ६३. समुद्रावरची हवा दमट, त्यामुळे पाणी चिकटण्याचे प्रकार शहरातल्या प्रयोगशाळेपेक्षा जास्त. एका वस्तुमानाच्या फरकापर्यंतच पाहू शकणाऱ्या क्वाड्रुपोलला हे तिघे एकच दिसतात.

टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये दशांशातला भेद दिसतो: कार्बन डायऑक्साइडवालं ६३.००८, डीएमएस ६३.०२६, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि पाणी ६३.०४४. शेजाऱ्यांतलं अंतर ०.०१८. ते वेगळे दिसायला यंत्राची विभेदनक्षमता (वस्तुमान भागिले ओळखता येणारा फरक) किमान साडेतीन हजारांच्या घरात हवी, आणि नीट वेगळे दिसायला त्याहून जास्त. आताच्या बऱ्याच यंत्रांत ती असते. तरी शिखरांचे पाय एकमेकांत मिसळतात, आणि सॉफ्टवेअर तिथे काय करतं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा पुढे पाठवू नये. अशीच जोडी ६९ वर आहे: आयसोप्रीन ६९.०७० आणि फ्युरान ६९.०३३. पहिला प्लवकांकडून येतो, दुसरा धुराकडून. दोघांची गल्लत झाली तर जळणाचा धूर जीवसृष्टीच्या खात्यात जमा व्हायचा!

काही बाबतींत मात्र कितीही दशांश वाढवले तरी उपयोग नसतो. अ‍ॅसिटोन आणि प्रोपॅनाल यांचं रेणुसूत्र एकच, ५९.०४९ वर दोघेही बसलेले.

उलट कधी निसर्ग स्वतःच ओळखपत्र देतो. क्लोरीनच्या अणूंत वस्तुमान ३५ आणि ३७ असे दोन प्रकार साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. आयोडाइड सिम्समध्ये २०८ आणि २१० वर शिखरं दिसली आणि त्यांचं प्रमाण दिवसरात्र तीनास एक राहिलं, तर तिथे क्लोरीन आहे हे जवळजवळ पक्कं. नायट्रिल क्लोराइड असंच ओळखता येतं. २००६ मध्ये रोनाल्ड एच. ब्राउन या अमेरिकी संशोधन जहाजाने टेक्सासच्या किनाऱ्यालगत तो रात्रीच्या हवेत १ पीपीबीपेक्षाही, म्हणजे १,००० पीपीटीपेक्षाही जास्त मोजला. शहराचा नायट्रोजन ऑक्साइड आणि समुद्राचं मीठ यांच्या मिलाफातून तो बनतो, आणि उजाडताच फुटून क्लोरीनचा अणू मोकळा करतो. बंदर आणि मोठं शहर शेजारीशेजारी असलेल्या कुठल्याही किनाऱ्यावर ही शक्यता तपासण्यासारखी आहे. मुंबईही त्यात आली.

डीएमएसवर इतकी वर्षं काम झालं, मग आता नवीन काय उरलं आहे?

२०२० पर्यंत अनेकांना असंच वाटत होतं. डीएमएस हवेत गेल्यावर त्याचं काय होतं याची आकृती पाठ्यपुस्तकात होती. २०१५ मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी गणिताने सुचवलं की एक आडवाट असावी: रेणू स्वतःच्याच आतला हायड्रोजन इकडून तिकडे सरकवतो आणि शेवटी हायड्रोपरऑक्सिमिथाइल थायोफॉर्मेट तयार होतो. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे त्याला एचपीएमटीएफ म्हणतात. २०१९ मध्ये प्रयोगशाळेत तो दिसला. मग नासाच्या अ‍ॅटम मोहिमेचा डेटा पुन्हा पाहिला गेला. २०१६ ते २०१८ या काळात डीसी-८ विमानाने प्रशांत आणि अटलांटिकवर ध्रुवांकडून ध्रुवांकडे चार फेऱ्या केल्या होत्या आणि विमानात आयोडाइड सिम्स होतं. समुद्रावर सगळीकडे एचपीएमटीएफ होता. डीएमएसच्या साधारण एक-तृतीयांश भागाची वाट तिथून जाते, असं त्या डेटावरून दिसलं.

मग इतकी वर्षं तो दिसला कसा नाही? एक कारण मला फार मजेशीर वाटतं. एचपीएमटीएफचं वस्तुमान १०८. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचंही १०८. आयोडाइड चिकटला की दोघेही २३५ वर येतात आणि दोघांतला फरक फक्त ०.००७. आजच्या चांगल्या टाइम-ऑफ-फ्लाइटलाही हे दोघे सुटेसुटे करता येत नाहीत. सोडवणूक वेळेने होते: पेंटॉक्साइड रात्रीचा प्राणी, दिवसा टिकत नाही, एचपीएमटीएफ उन्हात तयार होतो. स्वच्छ समुद्रावर भर दुपारी २३५ वर काही दिसलं तर ते कोण हे ठरवता येतं. प्रदूषित किनाऱ्यावर संध्याकाळी मात्र हात आखडता घ्यावा. पुढे २०२१ मध्ये असंही दिसलं की यातला बराच भाग कण बनण्याआधीच ढगांच्या पाण्यात विरून जातो. म्हणजे डीएमएसपासून ढगबीजापर्यंतची वाट आणखी वाकडी झाली.

जीसी-एमएस आता जुनं झालं का?

जुनं आहे, बाद नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ आधी वायूंना रांगेत लावतो आणि मग एकेकाला तोलतो. वेळ लागतो, पण अ‍ॅसिटोन आणि प्रोपॅनाल वेगळे दिसतात. ब्रोमोफॉर्म, मिथाइल आयोडाइड, सीएफसी यांच्यासाठी आजही तोच मार्ग. अ‍ॅगेज या जागतिक जाळ्यात मेस हेड, टास्मानियातलं केप ग्रिम, बार्बाडोसचं रॅग्ड पॉइंट अशी समुद्राकडे तोंड केलेली केंद्रं आहेत आणि त्यांतलं 'मेडुसा' हे यंत्र हवेतले वायू उणे १६५ अंश सेल्सियसच्या आसपास गोठवून साठवतं आणि मग मोजतं. बंदी घातलेल्या सीएफसी-११ चं उत्सर्जन पुन्हा वाढलंय हे २०१८ मध्ये उघड झालं. त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येतो हे २०१९ मध्ये दाखवता आलं ते कोरियाच्या जेजू बेटावरच्या आणि जपानच्या हातेरुमा बेटावरच्या नोंदींमुळे.

जहाजावर सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?

शून्य मोजण्यात. नव्या माणसाला हे ऐकून निराशा होते, पण तसंच आहे.

यंत्रात बाहेरची हवा अजिबात नसली तरी आकडे येत राहतात. नळ्यांच्या भिंतींवरून काहीतरी सुटत असतं, आयनस्रोतात काहीतरी तयार होत असतं. हा पार्श्व संकेत ठाऊक नसेल तर बाहेर १०० पीपीटी आहे की ४० हे सांगता येत नाही. म्हणून दर तासा-दोन तासांनी काही मिनिटं 'शून्य हवा' सोडायची. ती नायट्रोजनच्या सिलिंडरमधून घेऊ नका. ती कोरडी असते आणि पार्श्व संकेत आर्द्रतेबरोबर बदलतो. बाहेरचीच दमट हवा साधारण ३५० अंशांवरच्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून न्यायची. सेंद्रिय वायू जळून जातात आणि ओलावा जसाच्या तसा राहतो. आम्लांसाठी ही युक्ती पुरेशी नसते, तिथे ती शोषून घेणारे वेगळे फिल्टर लावतात.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून: साध्या पीटीआरची संवेदनशीलता दहा लाख हायड्रोनियम आयनांमागे, १ पीपीबी वायूसाठी, सेकंदाला १० आयन अशी धरली, तर १०० पीपीटी डीएमएससाठी सेकंदाला एकच आयन मिळतो. मिनिटभर मोजले तर ६० आणि त्यात निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार आठेक. म्हणजे १३ टक्के अनिश्चितता इथेच, कॅलिब्रेशनचा, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू सोडून यंत्र पडताळण्याचा प्रश्न यायच्या आधी. नवी यंत्रं याच्या कितीतरी पट संवेदनशील आहेत, पण हा हिशेब आपल्या यंत्रासाठी एकदा कागदावर करून पाहावाच.

कॅलिब्रेशनचं सिलिंडर बंदरातच तपासलं तर पुरेल?

नाही पुरत. आर्द्रता, तापमान आणि डिटेक्टरचं वय हे सगळं बदलत असतं. रोज एकदा तरी, आणि शून्याप्रमाणेच दमट हवेत मिसळून करा. सिलिंडर चढवण्याची परवानगी आणि ते बांधून ठेवायची जागा हे जहाज सुटायच्या बरंच आधी कप्तानाशी आणि मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञांशी बोलून ठरवावं लागतं.

जहाजाच्या स्वतःच्या धुराचं काय करता?

टाळता येईल तितका टाळायचा आणि उरलेला डेटातून काढायचा. हवा घेण्याचं तोंड नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, शक्यतो पुढच्या मास्टवर उंच ठेवतात, कारण धुराडं मागे असतं. वारा समोरून येत असेल तोवर ठीक. मागून वाहायला लागला की स्वतःचाच धूर पुढे येतो. वाऱ्याची जहाजाच्या सापेक्ष दिशा, कणांची संख्या आणि नायट्रिक ऑक्साइड या तिघांवर नजर ठेवून ती मिनिटं बाद करायची. तिघांपैकी एकावरच विसंबू नये. मंद वाऱ्यात धूर घोटाळत राहतो आणि दिशादर्शक मात्र सगळं ठीक असल्याचं सांगतो.

धुराड्याइतकेच त्रासदायक शत्रू डेकवर असतात. गंज खरवडून नवा रंग देण्याचं काम जहाजावर बारमाही चालतं. शेजारच्या प्रयोगशाळेत कुणी अ‍ॅसिटोनने काचसामान धुतं. खानसाम्याच्या खोलीतला एक्झॉस्ट कुठे उघडतो ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. बोसनशी, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाशी मैत्री करा आणि रंगकामाची वेळ विचारून वहीत लिहा. ही वही पुढे डेटाइतकीच उपयोगी पडते.

किनाऱ्यावर मोजणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. जेटीजवळ मासळी वाळत असेल तर ट्रायमिथाइल अमीन ६० वर ठळक दिसेल. त्याला समुद्राचं उत्सर्जन समजू नये, ते बोंबलांचं आहे.

हवा आणणाऱ्या नळीची एवढी काळजी का?

काही वायू भिंतीला चिकटतात. डीएमएस, अ‍ॅसिटोन निमूटपणे येतात. नायट्रिक आम्ल आणि अमीनं वाटेतच बसकण मारतात आणि तासाभराने, बाहेर ती नसताना, हळूहळू सुटतात. उपाय ठरलेले आहेत: टेफ्लॉन प्रकारातली नळी, जमेल तितकी आखूड, थोडी गरम आणि आतून हवेचा जोरदार प्रवाह. दुसरी भानगड ओझोनची. तो नळीच्या आतल्या थरावर प्रक्रिया करून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करतो, म्हणून स्वच्छ समुद्रावरच्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचे आकडे दोनदा तपासूनच घ्यावेत. मिठाचा थर तोंडाशी साचतो. फिल्टर बदलायचं वेळापत्रक पाळा.

जहाज हलतं. इतकं नाजूक यंत्र टिकतं कसं?

बऱ्यापैकी टिकतं. निर्वातासाठीचे टर्बोपंप मिनिटाला साठ हजारांच्या आसपास फेरे घेतात आणि त्यांना एकाएकी बसलेला झटका आवडत नाही, म्हणून यंत्राचा सांगाडा तारेच्या गुंडाळीच्या स्प्रिंगांवर बसवतात. हेलकाव्यांपेक्षा वीज जास्त दगा देते. जनरेटर बदलताना क्षणभर दिवा लुकलुकतो, त्या क्षणासाठी यूपीएस हवाच. कंटेनरमधला एसी बंद पडला तर दुपारी तासाभरात काम थांबवावं लागतं.

समुद्रातून हवेत किती वायू जातो, हे थेट मोजता येतं का?

येतं, आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या सगळ्यात सुंदर उपयोगांपैकी हा एक आहे असं मला वाटतं. हवेच्या भोवऱ्यांतून वायू वर-खाली होत असतो. उभ्या दिशेचा वारा आणि वायूचं प्रमाण हे दोन्ही सेकंदाला दहा वेळा मोजायचे, दोघांचे चढउतार एकमेकांशी गुणायचे आणि दहा ते तीस मिनिटांची सरासरी घ्यायची. वर जाणाऱ्या झोतात डीएमएस सतत थोडा जास्त आढळला, तर तो खालून येतोय.

अडचण अशी की जहाज स्वतः वर-खाली होतं, त्यामुळे वाऱ्याच्या मापातून त्याची हालचाल वजा करावी लागते. आणि नळीतली गळती, भिंतींचा परिणाम, संवेदनशीलतेतले बदल यांचं काय? त्यावर फार चतुर तोड निघाली. डीएमएसमधले तीन हायड्रोजन ड्युटेरियमने बदलून तो जड डीएमएस नळीच्या तोंडाशीच ठरावीक प्रमाणात सोडत राहायचा. साधा ६३ वर दिसतो, जड ६६ वर. दोघांची वाट एकच, म्हणून वाटेत जे काही होईल ते दोघांचं सारखंच होणार. दोघांचं गुणोत्तर घेतलं की वाटेतल्या सगळ्या खोड्या छेदून जातात. खुल्या समुद्रावरची डीएमएसच्या प्रवाहाची अशी मोजमापं २००४ पासून प्रसिद्ध होऊ लागली.

अरबी समुद्रात असं वेगळं काय आहे?

वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. हिवाळ्यात तो उपखंडाकडून समुद्राकडे वाहतो आणि आपला धूर शेकडो किलोमीटर आत नेतो. १९९९ च्या इंडोएक्स मोहिमेत हेच पाहिलं गेलं. तेव्हा रोनाल्ड एच. ब्राउनवर पीटीआर होतं आणि जळणाच्या धुराची खूण म्हणून अ‍ॅसिटोनायट्राइल मोजला गेला. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवर खोल पाणी वर ओढलं जातं आणि प्लवकांची भरभराट होते.

२०१७ च्या उन्हाळ्यात कोमांडोर आयोना हे जहाज फ्रान्सच्या तुलाँजवळून निघून सुएझ, तांबडा समुद्र, एडनचं आखात आणि अरबी समुद्रमार्गे कुवेतपर्यंत गेलं आणि त्याच वाटेने परतलं. मोहिमेचं नाव अकाबा. मुख्य संस्था जर्मनीतली माइन्झची माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्था. सोमालियाच्या उपसा-क्षेत्रावरून आलेल्या हवेत त्यांच्या पीटीआर-टाइम-ऑफ-फ्लाइटला ९६.०११ वर एक शिखर दिसलं. नायट्रोजन आणि गंधक दोन्ही असलेला तो रेणू मिथेन सल्फोनामाइड निघाला, ६० पीपीटीपर्यंत. समुद्री हवेत तो आधी कुणी नोंदवलेला नव्हता. त्याच हवेत डीएमएस ३०० पीपीटीपर्यंत होता. दशांशातली तीन घरं नसती तर हे शिखर शेजारच्या गर्दीत हरवलं असतं.

गोव्याजवळची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थानाचं कांदोळीसमोर एक ठरलेलं निरीक्षणस्थान आहे. पावसाळा सरताना तिथलं तळाचं पाणी प्राणवायूविना होतं, आणि अशा काळात पाण्यातला डीएमएस नेहमीच्या कितीतरी पट वाढतो असं तिथे दिसलं आहे. त्यातला किती हवेत येतो, हे वर सांगितलेल्या ६३-६६ च्या युक्तीने सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत मोजायला मिळालं तर मजा येईल. होतकरू पीएचडीवाल्यांनी हा विषय उचलावा, मी आडवा येणार नाही.

काही यंत्रांत किरणोत्सारी स्रोत असतो म्हणे. धोका?

आयोडाइड आयन तयार करायला बरेच गट पोलोनियम-२१० चा बंदिस्त स्रोत वापरतात. त्याचा अर्धायुकाल १३८ दिवस, म्हणजे लांबलेल्या मोहिमेत संवेदनशीलता उतरताना दिसते. भारतात त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि परदेशी बंदरात जहाज लागलं की कागदपत्रं वेगळीच. एक्स-रे किंवा अतिनील दिव्याचे स्रोत आता चांगले मिळतात. सुरुवात करणाऱ्यांनी तेच घ्यावेत.

बोट लागते. मी येऊ शकतो का?

या. बहुतेकांना दोन-तीन दिवस त्रास होतो, मग सवय होते. गोळी डॉक्टरांना विचारून, जहाज सुटायच्या आधी घ्या. पहिल्या दिवसाचं काम बंदरातच संपवा आणि बंद कंटेनरमध्ये स्क्रीनकडे टक लावून बसू नका.

डेटा उघडला तर डीएमएस उणे १२ पीपीटी! आणि काही ठिकाणी उणे ८८८८. हे काय आहे?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजलेल्या संकेतातून शून्य हवेचा संकेत वजा करतात. बाहेर वायू जवळजवळ नसेल तर चढउतारामुळे वजाबाकी कधी शून्याच्या वर, कधी खाली येते. उणे १२ हा प्रामाणिक आकडा आहे, तो राहू द्या. असे आकडे पुसून किंवा त्यांच्या जागी शून्य लिहून सरासरी काढलीत तर ती विनाकारण वर सरकते, आणि स्वच्छ समुद्रावर नसलेला डीएमएस तुमच्या आलेखात उगवतो.

उणे ८८८८ हा आकडा नाहीच, तो संकेत आहे. अ‍ॅटमसारख्या नासाच्या मोहिमांच्या फाइलींमध्ये तो शोधमर्यादेच्या खाली असा अर्थ सांगतो. उणे ७७७७ म्हणजे वरच्या मर्यादेपलीकडे आणि उणे ९९९९ म्हणजे नोंदच नाही. फाइलीच्या डोक्यावरच्या ओळींमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं, शिवाय शून्य किती वेळाने घेतलं आणि सरासरी किती सेकंदांची तेही. अ‍ॅटमचा आणि अ‍ॅगेजचा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो. पहिला आलेख काढण्याआधी त्या ओळी छापून टेबलावर ठेवा.